काष्टा खोचता येईल का? चार तुकडे झालेल्या एका खांद्याचं प्रकरण

आजी पडल्या त्या गोठ्यात. पहाटेची धार काढून निघाल्या होत्या. कोबा शेणामुताने ओला, पायात झिजलेली रबरी चप्पल, हातात भरलेली चरवी. पाय सटकला तेव्हा चरवी सोडली असती तर हात टेकवता आला असता. त्यांनी ती सोडली नाही आणि सगळा भार उजव्या खांद्यावर आला. "दूध निम्मं वाचलं, खांदा गेला," असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. ऐकताना मला वाटलं, त्यांना खांद्यापेक्षा सांडलेल्या निम्म्या दुधाचंच जास्त वाईट वाटतंय.

सातारा जिल्ह्यातलं गाव. वय ७२, वजन जेमतेम ४६ किलो, उजव्या हाताच्या. घरात मुलगा, सून, दोन नातवंडं, गोठ्यात दोन म्हशी. रक्तदाबाची गोळी दहा वर्षांपासून, साखर नाही. चुलीच्या धुराने छाती थोडी खराब, चढावर धाप लागते. दिवसातून तीन-चारदा मशेरी. कायम नऊवारी. हे शेवटचं मी केसपेपरवर लिहिलं नव्हतं, लिहायला हवं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. खांदा मात्र जसाच्या तसा आहे.)

माझ्याकडे त्या पाचव्या दिवशी आल्या. आधीचे दिवस शेजारगावच्या हाडवैद्याकडे गेले होते. त्याने लेप लावला, दंड कापडाने अंगाशी बांधला आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. हसू नका, दंड अंगाशी बांधून ठेवणं हाच या फ्रॅक्चरवर सगळ्यात जास्त वापरला जाणारा उपचार आहे. आम्ही त्याला पाऊच म्हणतो आणि पावती देतो, इतकंच. त्याने चोळलं नाही, ही नशिबाची गोष्ट. घरचे घाबरले ते दुसऱ्याच कारणाने. चौथ्या दिवशी दंड कोपरापर्यंत आणि छातीची उजवी बाजू जांभळी-काळी पडली. सुनेला वाटलं, विष चढतंय. खरं तर मोडलेल्या हाडातलं रक्त कातडीखालून उताराला लागतं, म्हणून डाग तीन-चार दिवसांनी आणि जखमेपासून लांब खाली दिसतो. दिसायला भयंकर असतो, पण हिरवा-पिवळा होत आपोआप जातो.

मुलाच्या मोबाईलमध्ये एक्स-रेचा फोटो होता, आणि माझ्याआधी तो दोन ठिकाणी फिरून आला होता. एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, प्लेट टाका. दुसऱ्यांनी सांगितलं होतं, बॉल बदला. हाडवैद्याचं म्हणणं, बांधून ठेवा. "साहेब, तिघांची तीन तोंडं झाली. आता तुम्ही चौथं काढू नका," मुलगा म्हणाला.

तिघांपैकी कोणीही मूर्खपणाचं बोललं नव्हतं. या फ्रॅक्चरची गंमत म्हणा की दुखणं म्हणा, ते हेच आहे.

दंडाच्या हाडाचं वरचं टोक मोडतं तेव्हा ते वाटेल तिथे फुटत नाही. लहानपणी जिथे वाढीच्या रेषा असतात, साधारण त्याच रेषांवर ते सुटतं, हे बोस्टनच्या कॉडमन यांनी १९३४ मध्ये मांडलं. तुकडे चार: गोळा, मोठी ट्युबरॉसिटी, लहान ट्युबरॉसिटी आणि खालचा दांडा. ट्युबरॉसिटी म्हणजे हाडावरचे उंचवटे. खांदा फिरवणाऱ्या रोटेटर कफचे स्नायुबंध त्यांनाच चिकटलेले असतात. त्यामुळे उंचवटा सुटला की स्नायू त्याला आपल्या दिशेने ओढून नेतो. न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर यांनी १९७० मध्ये यावरूनच वर्गवारी केली. तुकडा १ सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकला किंवा ४५ अंशांपेक्षा जास्त वळला, तरच तो वेगळा 'पार्ट' धरायचा. आम्ही सगळे आजही हीच भाषा बोलतो. पण एकच एक्स-रे दोन अनुभवी सर्जनपुढे ठेवला तर एक तीन पार्ट म्हणेल आणि दुसरा चार. तोच एक्स-रे महिन्याने त्याच सर्जनला दाखवला, तर तो स्वतःच्या मताशी तरी सहमत होईलच असं नाही. हे अनेकदा तपासून पाहिलेलं आहे.

एक्स-रे नंतर, आधी हात. मनगटाची नाडी लागत होती, बोटं हलत होती. आता प्रश्न डेल्टॉइडचा, म्हणजे खांद्यावर टोपीसारख्या बसलेल्या स्नायूचा. त्याला चालवणारी ॲक्सिलरी नस गोळ्याच्या मानेला वळसा घालून जाते, म्हणजे नेमकी मोडलेल्या जागेजवळून. दंडाच्या बाहेरच्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत स्पर्श कळतो का, हे सगळेच बघतात. मला त्या तपासणीवर भरवसा नाही. स्पर्श शाबूत असूनही स्नायू गप्प असू शकतो. म्हणून मी कोपराच्या पुढे, बाहेर आणि मागे एकेक करून हात धरतो, दुसऱ्या हाताची बोटं डेल्टॉइडवर ठेवतो आणि सांगतो, "कोपर माझ्या हातावर दाबा, हलवू नका." दुखतं, पण क्षणभर स्नायू बोटांखाली कडक होतो. आजींचा झाला. तिन्ही भाग, पुढचा, मधला, मागचा. या फ्रॅक्चरमध्ये ईएमजी (स्नायूंतल्या विजेच्या संकेतांची तपासणी) केला तर निम्म्याहून जास्त रुग्णांत कुठल्या ना कुठल्या नसेला मार बसलेला सापडतो. बहुतेकांचा आपोआप भरून येतो. तरी पुढे जे करायचं ठरलं, त्यात सगळी मदार डेल्टॉइडवरच होती. म्हणून त्या एका क्षणाच्या कडकपणाची नोंद मी वेळ घालून केली.

मग सीटी. फोटोतल्या एक्स-रेवर गोळ्याच्या कडेला एक दुहेरी रेघ होती. हाडावर हाड आलं असेल असं धरून मी ती सोडून दिली होती. सीटीत कळलं, गोळाच उभा चिरला होता. एक तृतीयांश भाग लहान ट्युबरॉसिटीसकट पुढे वळला होता, बाकीचा मागे. याला हेड-स्प्लिट म्हणतात. पहिल्या एक्स-रेत तो हुकणं नवीन नाही, आणि माझ्याकडूनही हुकलाच होता.

दुसरी गोष्ट आतल्या बाजूची. गोळ्याच्या खालच्या कडेला दांड्याच्या हाडाची एक जीभ चिकटून राहिली असेल तर तिच्यातून गोळ्याला रक्त मिळत राहतं. बर्नच्या हेर्टेल यांनी २००४ मध्ये मापं दिली: ही जीभ ८ मिलिमीटरपेक्षा आखूड, आतली बिजागरी (आतल्या बाजूला गोळा आणि दांडा जिथे जोडलेले असतात ती जागा) २ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेली आणि फ्रॅक्चर गोळ्याच्या अगदी मानेतून, हे तिन्ही एकत्र आलं तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलाय हे जवळपास नक्की समजा. आजींची जीभ ३ मिलिमीटर होती आणि बिजागरी ६ मिलिमीटर सरकली होती. अर्थात रक्त तुटलेला प्रत्येक गोळा पुढे सुकतोच असं नाही, हेही त्याच अभ्यासकांनी नंतर दाखवलं. गोळा एकसंध असता तर मी त्या आशेला जागा दिली असती.

तिसरी गोष्ट हाडाची प्रत. कडेचं हाड अंड्याच्या टरफलाइतकं, आत जाळी विरळ, मोठ्या ट्युबरॉसिटीचा चुरा. वरच्या कफ स्नायूत चरबीच्या रेषा. विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या, दोन-तीन वर्षांपासून उतरंडीवरचं मडकं काढताना खांदा धरायचा.

इतकं समोर आल्यावर 'काय करायचं' हा प्रश्न 'काय काय धरून राहील' असा होतो.

पाऊचची बाजू आधी, कारण ती सगळ्यात कमी मांडली जाते. इंग्लंडमध्ये प्रोफर नावाचा मोठा अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये छापून आला. सरकलेल्या फ्रॅक्चरचे २५० रुग्ण, चिठ्ठी टाकावी तसे दोन गट, निम्म्यांना ऑपरेशन आणि निम्म्यांना झोळी. दोन वर्षांनी खांदा किती चालतो याचे ४८ पैकी गुण मोजले: ऑपरेशनवाले सरासरी ३९, झोळीवाले ३८. फरक म्हणावा असा फरकच नाही. त्या दिवसापासून आमच्या धंद्यात थोडी अस्वस्थता आहे, आणि ती असायला हवी. मी स्वतः या फ्रॅक्चरच्या बहुतेक आजी-आजोबांना ऑपरेशन सांगत नाही. आजींच्याच महिन्यात एक निवृत्त शिक्षक आले होते, वय ७६. कागदावर त्यांचेही चार पार्ट. पण गोळा वरच्या बाजूला कलून दांड्यावर घट्ट बसलेला होता आणि आतली बिजागरी शाबूत होती. त्यांना पाऊच, दहाव्या दिवसापासून लोंबता हात हळूहळू फिरवणं, आणि पोरांच्या इंटरनेटी सल्ल्यांपासून संरक्षण, एवढंच दिलं. चार महिन्यांनी ते फळ्यावर लिहून दाखवायला तयार होते.

पण प्रोफरमध्ये सर्जननेच 'इथे ऑपरेशन लागणारच' म्हटलेले रुग्ण आधीच बाजूला काढले होते, सांधा निखळलेलेही. शिवाय ऑपरेशन झालेल्यांपैकी बहुतेकांना प्लेट बसवली होती. चिरलेला गोळा तसाच जुळू दिला तर त्याचे दोन भाग पायरीसारखे वर-खाली राहतात आणि ती पायरी समोरच्या, पाठीकडच्या हाडावरच्या वाटीवर घासत बसते. आजी नव्वदीच्या, अंथरुणाला खिळलेल्या असत्या तर मी तरीही पाऊचच दिला असता. त्या म्हशी राखणाऱ्या होत्या.

प्लेट. २००० नंतर लॉकिंग प्लेट आली. स्क्रूचं डोकं प्लेटमध्येच आट्यांनी अडकतं, त्यामुळे ठिसूळ हाडातही पकड राहील अशी आशा होती. तरुण रुग्णात ती आजही पहिली निवड आहे. पंचेचाळिशीतला, बाईकवरून पडलेला, हेड-स्प्लिट असलेला माणूस असेल तर मी त्याचा गोळा वाचवायचा शेवटपर्यंत प्रयत्न करतो, कारण वयाच्या त्या टप्प्यावर कृत्रिम सांधा म्हणजे पुढच्या दोन ऑपरेशनांची आगाऊ नोंदणी. म्हातारपणी मात्र गोष्ट उलटते. आतल्या बाजूला आधार नसला की गोळा हळूहळू खाली कलतो. स्क्रू जागचे हलत नाहीत, म्हणून गोळा खचत जातो आणि स्क्रूची टोकं त्यातून बाहेर येऊन वाटी खरवडतात. मग प्लेट काढायला दुसरं ऑपरेशन, आणि तोवर वाटीही गेलेली. पायातल्या बारीक हाडाचा तुकडा आत खुंटीसारखा घालून आधार देता येतो, मी दिलाही आहे. पण इथे खुंटी कशाला बसवायची? वरचा गोळाच दोन फाकांत होता.

उरतं बॉल बदलणं. आणि बॉल बदलण्याचे दोन प्रकार आहेत हे मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं.

जुना प्रकार अर्ध्या सांध्याचा. फुटलेला गोळा काढून त्याच आकाराचा धातूचा गोळा बसवायचा आणि दोन्ही ट्युबरॉसिटी त्याच्याभोवती शिवायच्या. नीअर यांनी १९५० च्या दशकात फ्रॅक्चरसाठीच हा आणला. दुखणं जातं. पण हात वर जाणं पूर्णपणे त्या शिवलेल्या तुकड्यांवर अवलंबून असतं. ते जुळले तर उत्तम. ते विरघळले किंवा सरकले तर गोळा वर चढतो, आणि हात खांद्याच्या रेषेपर्यंतही जात नाही. पाहुण्यांपुढे नमस्काराला दोन्ही हात जोडले की एक कोपर अंगालाच चिकटलेलं, अशा आज्या मी पाहिल्या आहेत.

दुसरा प्रकार रिव्हर्स. तो समजायला खांद्याची मूळ रचना डोळ्यापुढे आणा. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला उखळीचा सांधा म्हणायला शिकलो. खुब्याला तो शब्द शोभतो, तिथे खरंच खोल उखळ असते. खांद्याला बशी आहे, आणि बशीवर ठेवलेलं लिंबू. लिंबू बशीवरून घरंगळू नये म्हणून कफचे चार स्नायू त्याला चहूबाजूंनी दाबून धरतात, तेव्हा कुठे डेल्टॉइडला हात वर उचलता येतो. कफ गेला की डेल्टॉइड ओढतो, पण लिंबू नुसतं वर सरकतं.

फ्रान्समधल्या दिजाँच्या पॉल ग्रामाँ यांनी १९८५ च्या सुमारास ही बशी-लिंबाची जोडीच उलटी केली. पाठीकडच्या हाडावर, जिथे बशी होती तिथे, गोळा बसवला. दंडाच्या टोकाला वाटी बसवली. उलटा सांधा करायचे प्रयत्न १९७० च्या दशकातही झाले होते, नीअर यांनीही केले होते. ते ढिले पडून सोडून द्यावे लागले, कारण फिरण्याचा मध्य हाडापासून बाहेर लांब पडायचा आणि प्रत्येक हालचालीला गोळा उपटला जायचा. ग्रामाँ यांची युक्ती तो मध्य आत, थेट हाडात आणि थोडा खाली नेण्याची. त्यामुळे डेल्टॉइड ताणला जातो, त्याचे जास्त धागे कामाला लागतात, आणि कफ नसला तरी एकटा डेल्टॉइड हात वर नेतो. मोट ओढताना चाक जागच्या जागी पक्कं असलं की बैलाची ताकद वाया जात नाही, तसंच.

स्पेनमध्ये सत्तरीपुढच्या ६२ रुग्णांत दोन्ही बॉल समोरासमोर तपासले गेले, अभ्यास २०१४ चा. अर्ध्या सांध्यात हात पुढून सरासरी ८० अंशांपर्यंत वर गेला, रिव्हर्समध्ये १२० पर्यंत. नॉर्वेत २०२० मध्ये रिव्हर्स आणि प्लेट यांची तुलना झाली, ६५ ते ८५ वयाचे १२४ रुग्ण. दोन वर्षांनी १०० पैकी ६८ विरुद्ध ५५ गुण. ऐंशीच्या पुढे मात्र रिव्हर्स आणि साधी झोळी यांच्यातला फरक फार थोडा राहतो, असंही स्पेनमधूनच आलंय. म्हणजे रिव्हर्सला एक वयाची खिडकी आहे आणि आजी तिच्या मधोमध उभ्या होत्या.

हे सगळं मी मुलाला कागदावर चित्रं काढून सांगितलं. रिव्हर्सचा खर्च प्लेटच्या कितीतरी पट, हेही सांगितलं. आत्ता पाऊच ठेवून नंतर जमलं नाही तर रिव्हर्स करता येतो, ती वाट बंद होत नाही, हेही. फक्त तोवर तुकडे वेडेवाकडे जुळलेले असतात आणि ऑपरेशन किचकट होतं. मुलगा हिशेब करत होता. आजी इतका वेळ गप्प होत्या.

"डाक्टर, हात वर जाईल न्हवं?"

"जाईल आजी. कपाळापर्यंत नक्की. कुंकू लावता येईल, वेणी घालता येईल."

"आन् मागं?"

मी विचारलं, मागे म्हणजे? त्यांनी चांगला डावा हात कमरेमागे नेला, तळवा बाहेर, अंगठा मणक्याला लावला आणि बोटांनी काहीतरी आत सारलं. काष्टा खोचायची ती हालचाल होती.

"आये, काष्ट्याचं काय घेऊन बसलीस, गाऊन घाल की," मुलगा म्हणाला. आजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

माझ्याकडे होय म्हणण्यासारखं काही नव्हतं. हात पाठीमागे नेऊन वर सरकवणं, हीच हालचाल रिव्हर्समध्ये सगळ्यात जास्त जाते. वाटी गोळ्यावर मागच्या बाजूला अडते, लहान ट्युबरॉसिटीचा स्नायू कमजोर झालेला असतो, आणि हात मागे, आत आणि अंगाला चिकटून अशा बेतात गेला की सांधा निखळायचा धोकाही त्याच क्षणी असतो. पाश्चात्त्य पेपरांत याची चर्चा शौचानंतरच्या स्वच्छतेवरून होते. ते महत्त्वाचं आहेच, आणि आपल्याकडे हा प्रश्न पुष्कळदा डाव्या हातावर सुटतो. नऊवारीचा नाही सुटत. पुरुष रुग्ण हे कधी विचारत नाहीत, ज्यांचा काष्टा आहे त्यांनाच हा प्रश्न सुचणार.

"उजव्या हाताने बहुतेक नाही जमणार, आजी. नव्वद टक्के नाहीच."

त्या थोडा वेळ थांबल्या. "आन् त्ये दुसरं, पट्टीचं?"

प्लेट टिकली तर मागची हालचाल जास्त चांगली राहते. पण तुमच्या हाडात प्लेट टिकेल असं मला वाटत नाही, असं मी सांगितलं. पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी जे प्रश्न विचारले ते मला कुठल्याही परीक्षेत विचारले गेले नव्हते. भाकरी थापताना दुखेल का? पाण्याची कळशी कमरेवर की डोक्यावर? म्हशीची कास हातात धरायला हात किती वर लागतो? शेवटी निर्णय त्यांनीच घेतला. वर जाणारा हात हवा. मागचं बघू.

माझी एक अट होती, मशेरी बंद. तंबाखूने हाड जुळायला वेळ लागतो, आणि रिव्हर्समध्येही ट्युबरॉसिटी जुळणं महत्त्वाचं असतं. डेल्टॉइड हात वर नेतो, पण बाहेर फिरवत नाही. मोठी ट्युबरॉसिटी जुळली नाही तर घास तोंडाशी नेताना आधी कोपर वर उचलावं लागतं, तुतारी वाजवणाऱ्यासारखं. आजींनी "एक बोट तरी" अशी घासाघीस केली. मी मानलं नाही. सुनेने डबी ताब्यात घेतली.

ऑपरेशन नवव्या दिवशी झालं. तीन-चार आठवडे उलटले की ट्युबरॉसिटी आजूबाजूला चिकटून बसतात, म्हणून दोन आठवड्यांच्या आत बरं. आदल्या तीन दिवसांत काखेला आणि खांद्याला बेंझॉइल पेरॉक्साइडची जेल लावली, कारण खांद्याचे खास जंतू कातडीच्या तेलग्रंथींत राहतात आणि साध्या धुण्याने जात नाहीत. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी धापेची नोंद वाचून मानेतल्या नेहमीच्या ब्लॉकऐवजी (ब्लॉक म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन) थोडा खालून आणि कमी औषधाचा ब्लॉक दिला. नेहमीचा ब्लॉक छातीचा पडदाही अर्धा झोपवतो, आणि या छातीला ते परवडलं नसतं. रुग्ण आरामखुर्चीत बसल्यासारखी, त्यामुळे मेंदूला रक्त कमी पडू नये म्हणून रक्तदाबावर सतत डोळा.

चीर पुढून, डेल्टॉइड आणि छातीच्या स्नायूच्या मधून. आत गेल्यावर दिशा कळत नाही. सगळं काळपट गोठलेलं रक्त. अशा वेळी मी बायसेप्सचा दोरखंड शोधतो. तो दोन ट्युबरॉसिटींच्या मधल्या खाचेतून जातो, म्हणून तो सापडला की डावं-उजवं कळतं. गोळ्याच्या दोन फाका अलगद हातात आल्या. त्या फेकायच्या नसतात. त्यांतलं जाळीदार हाड पुढे ट्युबरॉसिटीखाली भरायला लागतं.

मोठ्या ट्युबरॉसिटीला टाके घालताना सुई हाडात टोचली की हाड भुगा होऊन सुईबरोबर येतं. म्हणून टाके हाडात नाहीत, हाड आणि स्नायुबंध जिथे मिळतात तिथे. जाड, न विरघळणाऱ्या दोऱ्याचे चार आडवे, दोन उभे. पाठीकडच्या हाडावर बेस बसवला, शक्य तितका खाली, कारण वर बसला तर वाटीची कड खालच्या हाडाला घासत राहते. त्यावर ३६ मिलिमीटरचा गोळा. वजन ४६ किलो असलेल्या बाईला याहून मोठा बसत नाही. दांड्यात स्टेम, म्हणजे वाटी धरणारी धातूची दांडी, सिमेंटने बसवला. उंची किती ठेवायची हे ठरवायला वरचा सगळा भाग फुटलेला, मापाला जागाच नाही. मग छातीच्या मोठ्या स्नायूची वरची कड धरायची. तिथून गोळ्याचं टोक सरासरी ५.६ सेंटीमीटरवर असतं. खुणेवर लावलं, सांधा बसवला, ओढून पाहिलं. सुटला नाही, पण फार घट्टही नव्हता. शेवटी ट्युबरॉसिटी, खाली हाडाचा भरणा आणि गाठी. मला विचाराल तर या ऑपरेशनमध्ये धातूचं काम पाऊण तासाचं असतं. उरलेला सगळा वेळ या दोन उंचवट्यांसाठी, आणि घाई करायची तर नेमकी तिथेच करू नये.

चौथ्या दिवशी आजी घरी गेल्या. चार आठवडे पाऊच, मधून हात लोंबता फिरवणं. आणि एक सूचना: "हात मागे नेऊ नका."

तिसऱ्या आठवड्यात मुलाचा फोन. आईचा खांदा 'कट्' वाजला. तातडीने आणल्या, एक्स-रे काढला. सांधा जागेवर होता, ट्युबरॉसिटीही. काय केलं होतं? जेवण झाल्यावर जमिनीवरून उठताना उजवा तळवा बाजूला टेकून भार दिला होता. "मागं न्हेलाच न्हाई, बाजूला ठिवला," त्या ठामपणे म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. सांध्याच्या भाषेत ते मागे होतं, त्यांच्या भाषेत बाजूला. मी खुर्चीवरून उठणाऱ्या माणसाला द्यायची सूचना जमिनीवर बसणाऱ्या बाईला दिली होती, आणि डिस्चार्ज कार्डावर ती इंग्रजीत छापली होती, जी घरात फक्त नववीतला नातू वाचू शकत होता. आता आमच्या कार्डावर मराठीत ओळ आहे, "जमिनीवरून, खाटेवरून उठताना ऑपरेशनच्या हातावर भार देऊ नका", आणि खाली मांडी घातलेल्या बाईचं चित्र, टेकलेल्या हातावर फुली.

सहा आठवड्यांनी स्वतःहून हात उचलायला सुरुवात, तीन महिन्यांनी ताकदीचे व्यायाम. फिजिओथेरपिस्ट मुलगी हुशार होती. रबरी पट्टा आजींना कंटाळवाणा वाटतो म्हटल्यावर तिने भिंतीवर खडूने रेघा मारल्या आणि रोज किती रेघ वर गेली ते नातवंडांना लिहायला लावलं. 

दरम्यान खरं दुखणं वेगळंच होतं, हाडांची ठिसूळता. उभ्या उंचीवरून पडून खांदा मोडला, म्हणजे निदान झालंच. त्यासाठी घनतेची तपासणी होईपर्यंत थांबायची गरज नसते. अशा फ्रॅक्चरनंतर पहिल्या वर्षात खुबा मोडण्याचा धोका बराच वाढलेला असतो. ड जीवनसत्त्व खूप कमी निघालं, ते भरून काढलं. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रॉनिक ॲसिड ठरलं, पण त्याआधी दात. मशेरीने हिरड्या गेलेल्या, तीन दात हलते. ते औषध चालू असताना दात काढले तर जबड्याचं हाड क्वचित सडू शकतं, म्हणून आधी दात काढून घेतले, हिरडी भरू दिली, मूत्रपिंडाची तपासणी केली आणि मग इंजेक्शन.

चौदा महिन्यांनी आजी आल्या तेव्हा गौरी-गणपतीचे दिवस होते. हात पुढून १३० अंश, बाहेर फिरणं २५ अंश. मोठी ट्युबरॉसिटी जुळलेली होती, एक्स-रेत तिची कड स्वच्छ दिसत होती. गोळ्याखालच्या हाडाला घासल्याची बारीकशी खाच आहे, तिच्यावर लक्ष ठेवायचं. उजवा अंगठा मागे शेपटीच्या हाडापर्यंत, त्यावर नाही. तसं लिहिलं.

अंगावर नऊवारी होती, हिरवी, काठाची. काष्टा नीट खोचलेला. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "डाव्या हातानं. उजवा म्होरं निऱ्या धरतो. पयल्यांदा सून खोचायची, दिवाळीपर्यंत माजा मीच."

दोनपैकी एक म्हैस विकली आहे. दुसरीची धार त्याच काढतात. गोठ्यात कोब्यावर खडबडीत फरशी टाकली, आणि चरवीऐवजी आता झाकणाची कॅन असते.